डावीकडून बसणारी माणसं

‘‘बघ, डावीकडून बसली. फॉरेनची हाय,’’ चहावाला त्याच्या गिऱ्हाइकाला म्हणाला.

तो हळूच बोलला होता, पण मी गाडीच्या बॉनेटपाशी उभी होते, त्यामुळे मला ऐकू आलं. आणि त्याचं बरोबर होतं. शैलजाताई, माझ्या नव्या विद्यार्थिनी, डाव्या दारानं आत बसल्या होत्या. त्यांनी पट्टा लावला, पर्स मागच्या सीटवर ठेवली, आणि आता त्या स्टिअरिंग शोधत होत्या. ते तिथं नव्हतं. पायाशी मात्र क्लच आणि ब्रेक होते, कारण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ते बसवलेले असतात. पायाखाली पेडल आणि हातात काहीच नाही, अशा अवस्थेत त्या समोरच्या काचेतून गंभीरपणे बघत राहिल्या.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की ‘ताई, इकडून’. पण अनोळखी माणसाला, त्यातून आईच्या वयाच्या, पहिल्याच वाक्यात चूक दाखवायची हे माझ्याच्यानं होत नाही. मी वळसा घालून उजवीकडे गेले, ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि गाडी सुरू केली. जालना रोडनं क्रांती चौकापर्यंत गेलो, वळलो आणि परत आलो. स्कूलच्या दारात गाडी थांबल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही छान चालवता. मी कधी चालवायची?’’

मी मोटार चालवायला शिकवते. दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे? मग लक्षात आलं, की मी रोज अशा माणसांशेजारी बसते जी जीव मुठीत धरून असतात, आणि अशी माणसं खूप काही दाखवतात. फक्त आपण गप्प बसायला हवं. ते मला चांगलं जमतं. आमच्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि इंग्रजी बोलायला गेलं की बाकीच्या मुली हसायच्या. मधला मार्ग म्हणून मी गप्प राहायला शिकले. वार्षिक समारंभात मला ‘सर्वांत शिस्तप्रिय विद्यार्थिनी’ म्हणून ढाल मिळाली होती. ती आईनं अजून शोकेसमध्ये ठेवली आहे.

आमच्या स्कूलचे मालक कादरचाचा. ते शिकवतात तेव्हा शेजारच्या गाडीतला माणूसही ब्रेक दाबतो, असा आवाज. त्यांनी मला घेतलं होतं ते टेबलावर बसून इंग्रजीत फोन घ्यायला. कारण परदेशातून परत आलेली माणसं वाढली होती. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, आखात. कुणाचे आईवडील थकले होते, कुणाची नोकरी संपली होती, कुणी नुसतंच ‘आता पुरे’ म्हणून आलं होतं. ही माणसं फोनवर आधी इंग्रजीत सुरू करतात आणि दुसऱ्या मिनिटाला आपण मराठी आहोत हे आठवून ओशाळतात. एकदा चाचांना घाई होती म्हणून ऑफिससमोरच्या दोन रिक्षांच्या मधल्या फटीत मी स्कूलची गाडी लावून दिली. चाचांनी मागून, पुढून, वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘अंग्रेजी बोलती, गाडी भी लगाती. इसकू टेबल पे कायकू बिठाना?’’ रीतसर लायसन्स वगैरे नंतर झालं. पण त्या दिवसापासून माझी खुर्ची गेली ती गेलीच.

बाहेरून परत आलेल्यांना शिकवणं हे नवशिक्याला शिकवण्यापेक्षा अवघड असतं. नवशिक्याला काही येत नसतं. यांना सगळं येत असतं, फक्त उलटं. पंचवीस वर्षं ज्या हातानं गिअर बदलला तो हात इथं दाराच्या कडीवर आपटतो आणि काच खाली येते. वळायचं म्हणून दांडी ओढतात आणि वायपर सुरू होतात. मे महिन्यात भर दुपारी वायपर चालू असलेली गाडी सेव्हन हिल्सच्या चौकात डावीकडे वळताना दिसली, तर आत आमचा विद्यार्थी आहे असं खुशाल समजावं. तिकडच्या गाड्या बहुतेक बिनक्लचच्या, त्यामुळे डावा पाय झोपलेला असतो. त्याला उठवायलाच आठवडा जातो.

पण या सगळ्याहून मोठी अडचण अशी, की ते थांबतात. रस्ता ओलांडणारा माणूस दिसला की थांबतात. इथल्या माणसाला त्याची सवय नाही. त्याला वाटतं, गाडी थांबली म्हणजे पत्ता विचारायचाय. तो रस्ता ओलांडायचा सोडून काचेपाशी येतो आणि कुठं जायचंय म्हणतो. जर्मनीहून आलेल्या एका साहेबांना मुकुंदवाडीच्या चौकात अशा रीतीनं तीन वेगवेगळ्या माणसांनी रेल्वे स्टेशनचा रस्ता समजावून सांगितला होता. साहेब सगळ्यांना ‘थँक यू’ म्हणाले आणि मग त्यांनी मला विचारलं, ‘‘आपल्याला स्टेशनला जायचं होतं का?’’

सिल्लोडचे सलीमभाई यांच्यातलेच, पण जरा वेगळे. सौदीत आयुष्यभर ट्रेलर चालवून ते गावी परतले होते. पहिल्या दिवशी मुलीला घेऊन आले, नाव तिचं घातलं आणि ‘मैं खाली देखता पीछे बैठके’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलीचं डोकं दुखत होतं, म्हणून तिच्याऐवजी ते पुढं बसले. पुढचा अख्खा आठवडा त्या मुलीचं डोकं दुखत राहिलं. एवढी वर्षं ट्रेलर हाकलेल्या माणसानं स्कूलमध्ये जाऊन शिकायचं म्हणजे सिल्लोडात तोंड दाखवायची सोय राहिली नसती, हे मला कळत होतं. म्हणून मीही रोज मुलीच्या डोक्याची चौकशी करून गाडी सुरू करायची. ते गर्दीत उत्तम चालवायचे. रस्ता मोकळा झाला की मात्र गाडी आपोआप उजवीकडे सरकायची, आणि समोरून एसटी आली की माझा पाय ब्रेकवर. एकदा आडव्या आलेल्या शेळीपुढे गाडी थांबवून ते म्हणाले, ‘‘टीचर, वहाँ ऊँट आता तो सीधा आता. यहाँ बकरी भी सोच सोच के आती.’’ शेवटी मुलीची डोकेदुखी खरंच थांबली. ती शिकली, वडिलांच्या आधी परीक्षा पास झाली, आणि आता सलीमभाई डावीकडे बसून तिला ‘राइट मत जा, राइट मत जा’ म्हणतात.

माझा पाय ब्रेकवर, असं मी वर लिहिलं. आमच्या धंद्याची गंमत त्या पायात आहे. विद्यार्थी पास होतो, नवी गाडी घेतो आणि आठवड्याभरात फोन करतो, ‘मॅडम, या गाडीचा ब्रेक नीट लागत नाही, शोरूमवाल्यानं फसवलं.’ ब्रेक उत्तम असतो. महिनाभर त्याच्या ब्रेकमध्ये निम्मा आमचा होता, एवढंच. सगळ्याच शिकवणाऱ्यांच्या बाबतीत हे थोडंफार होतं. माझ्या बाबतीत जरा जास्त होतं, कारण ‘थांबा’ म्हणण्यापेक्षा दाबणं मला सोपं जातं. चाचा मला नेहमी म्हणत, ‘‘बेटी, तेरा पाँव लई बोलता. मुँ नय बोलता.’’

त्यांनी यावर एक उपाय काढला होता. त्यांनी मला मांडी घालून बसायला लावलं. शिकवणारी मॅडम सीटवर मांडी घालून बसलेली, कीर्तनाला बसावी तशी, आणि शेजारी घामाघूम विद्यार्थी, अशी आमची गाडी जालना रोडवरून निघाली. मी सिडको बसस्टँडपर्यंत टिकले. तिथं एक काळी-पिवळी टॅक्सी आडवी आली आणि माझा पाय मला न विचारता खाली गेला.

आमच्या स्कूलची आणखी एक रीत आहे. आरटीओची परीक्षा ट्रॅकवर होते, पण चाचांची परीक्षा मकई दरवाज्यात होते. जुन्या शहराचे हे दरवाजे हत्ती आणि पालख्यांसाठी बांधलेले. एका वेळी एकच गाडी जाते. तिथं सिग्नल नाही, आणि पोलीस असला तर सावलीला असतो. आधी कोण जाणार हे दोन्हीकडचे ड्रायव्हर एकमेकांच्या डोळ्यांत बघून ठरवतात. मान जराशी हलते, हात जरासा वर होतो, आणि ठरलं. भांडण होत नाही. ज्याला हे जमलं तो चाचांच्या भाषेत ‘दरवाजा पास’. बाहेरून आलेली माणसं आरटीओत पहिल्या फटक्यात पास होतात आणि दरवाज्यात अडकतात.

शैलजाताईंचं खरं काम तिथंच होतं.

त्या पाचोडच्या. मोसंबीच्या बागा असलेल्या घरातल्या थोरल्या लेक. लग्न होऊन कॅनडाला गेल्या त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांनी परत आल्या. जाताना औरंगाबादहून गेल्या, येताना संभाजीनगरात उतरल्या, विमानतळ मात्र तोच, चिकलठाण्याचा. यजमान वारल्यावर दीड-दोन वर्षांनी त्यांनी तिथलं आवरलं आणि विमानतळाच्या अलीकडेच एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तिकडे काय करत होतात, असं मी विचारलं नव्हतं. मी विचारत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, की त्या शाळेची बस चालवत होत्या. लांबलचक, पिवळी. बर्फात. पाचोडात भाऊसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, ‘आक्का तिकडं शाळेत असती’ एवढंच सांगितलं होतं. गावानं त्यांना हेडबाई धरलं होतं.

तिकडे शाळेची बस थांबली आणि तिचा लाल फलक बाहेर आला की अख्खा रस्ता थांबतो, दोन्ही बाजूंचा. तसा कायदाच आहे. म्हणजे शैलजाताई आयुष्यभर जिथं थांबल्या तिथं जग थांबलं होतं. इथं त्या सिडकोत एका म्हातारबाबांसाठी थांबल्या, तर डावीकडून दोन रिक्षा, उजवीकडून एक टेम्पो आणि मागून शिव्या गेल्या. म्हातारबाबा घाबरून परत फुटपाथवर. शैलजाताईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी होतं.

हॉर्न त्या वाजवत नसत. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. एकदा पुढं सायकलवाला अगदी मधोमध चालला होता म्हणून मीच हात लांब करून हॉर्न दाबला, तर त्यांनी काच खाली करून त्याची माफी मागितली. तो सायकलवरून उतरला. आपलंच काही चुकलं असं त्याला वाटलं.

दरवाज्याची पहिली परीक्षा तर स्कूलमध्ये अजून सांगितली जाते. शैलजाताई दरवाज्यासमोर थांबल्या आणि समोरच्या रिक्षाला म्हणाल्या, या. ती आली. तिच्यामागून दुसरी आली, मग मोटारसायकली, मग उसाच्या रसाचा गाडा, मग बँडवाल्यांची हातगाडी त्या मोठ्या ढोलासकट. प्रत्येकाला त्या हात करून जागा देत होत्या आणि प्रत्येक जण ती घेत होता. मी मांडी घालून बसले होते. बऱ्याच वेळानं एक रिक्षावाला काचेपाशी आला. ‘‘आंटी, गाडी बंद पड गई क्या? धक्का मारूँ?’’ शैलजाताईंना नाही म्हणायचं होतं, पण तोपर्यंत चौघं मागं लागलेही होते. इंजिन चालू असलेली गाडी आमच्या दोघींसकट त्यांनी दरवाज्यातून ढकलत पलीकडे नेली. मी तोंड उघडायला हवं होतं. पण इतक्या मनापासून मदत करणाऱ्या माणसांना मधेच कसं थांबवायचं? चाचांनी संध्याकाळी विचारलं, ‘‘दरवाजा पास?’’ मी म्हटलं, पार.

त्यानंतर परत येताना शैलजाताई खूप हसल्या. आणि हसता हसता त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

त्यांचा मुलगा रोहन दिवाळीला येत होता. तो येत होता तो त्यांना परत न्यायला. त्यानं जाण्याची दोन तिकिटं काढून ठेवली होती, शेजारशेजारची. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उन्हाळ्यात यांची दाढ सुजली. भाऊसाहेब बागेत अडकलेले, त्यांचा ड्रायव्हर लग्नाला गेलेला, आणि भावानं फोनवर बजावलं, ‘‘आक्का, रिक्षानं जायचं नाय, मी येतो.’’ तो येईपर्यंत चार दिवस या गाल धरून घरात. रोहननं व्हिडिओ कॉलवर तो गाल पाहिला. तिथं बर्फात बस चालवणारी आई इथं दाताच्या डॉक्टरकडे जाऊ शकत नाही, मग इथं राहायचं कशाला, असं तो म्हणाला. शेवटी असं ठरलं, की दिवाळीपर्यंत त्या स्वतःच्या स्वतः कुठंही जाऊ-येऊ शकल्या तर तो त्यांचं तिकीट रद्द करील. नाही तर फ्लॅट विकायचा आणि त्याच्याबरोबर निघायचं.

‘‘भाऊ वाईट नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी त्याच्यासाठी माहेरवाशीण आहे. माहेरवाशिणीला काम सांगायचं नाही, उन्हात पाठवायचं नाही, एकटी सोडायची नाही. टाचणी आणायला निघाले तर बरोबर दोन माणसं येतात. पहिले पंधरा दिवस छान वाटलं मला. पण आता वर्ष होऊन गेलं. इतकं लांब माहेरपण कुणी करतं का?’’

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना जास्त वेळ द्यायला लागले. चाचांनी ते पाहिलं आणि बाकीची मंडळी गुपचूप दुसऱ्यांकडे वळवली.

आम्ही रोज दरवाज्यात गेलो. शैलजाताई हळूहळू बघायला शिकल्या. समोरच्याच्या गाडीकडे नाही, डोळ्यांकडे. एक दिवस त्यांनी एका टेम्पोवाल्याकडे असं काही पाहिलं की तो स्वतःच्या आईला बघितल्यासारखा थांबला. ‘‘बसमधल्या दंगा करणाऱ्या पोरांसाठी ही नजर ठेवली होती,’’ त्या म्हणाल्या, ‘‘इथं चालेल असं वाटलं नव्हतं.’’ हॉर्नही वाजला एकदा, अगदी छोटासा, दारावर टकटक करावी तसा. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटलेली होती, आणि मुलं दिसल्यावर पुन्हा सगळं जग थांबेल या आशेनं त्या थांबल्या, आणि पुन्हा धक्का. रोहन येईपर्यंत हिशेब असा होता: कधी पास, कधी पार.

तो आला. उंच, सभ्य, मराठी नीट बोलणारा, पण प्रत्येक वाक्याआधी एक क्षण थांबणारा. मला तो आवडला. शेवटी थांबण्याच्या बाबतीत आमचं सारखंच होतं. भाऊसाहेब दिवाळीसाठी सगळ्यांना पाचोडला न्यायला जीप आणि ड्रायव्हर घेऊन आले. शैलजाताईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. त्या खाली आल्या त्या आपल्या नव्या गाडीची किल्ली घेऊन, आणि थेट उजव्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘आक्का, खुळी का काय तू?’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘दिवाळीला भैण स्वतः गाडी हाकीत आली म्हनल्यावर गाव काय म्हनंल मला? ड्रायव्हर बी देता आला नाय भावाला?’’

बराच वेळ वाटाघाटी झाल्या. शेवटी तोडगा निघाला तो असा, की जीप सामान घेऊन पुढं जाईल, शैलजाताई चालवतील, मामा-भाचे मागं बसतील, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडम पुढं. म्हणजे मी. मी गाडीत बसले, पट्टा लावला आणि सवयीनं पाय पुढं केला. खाली नुसतं पायपुसणं होतं. ही त्यांची स्वतःची गाडी होती. तिच्यात माझा ब्रेक नव्हता. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण सुचलं तेव्हा झाल्टा फाटा मागं पडला होता.

बीडचा हायवे त्यांनी सुरेख चालवला. आडूळपर्यंत भाऊसाहेबही गप्प होते. रोहन मागून आईच्या हातांकडे बघत होता. मी आरशात पाहिलं, तर त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला होता. मोसंबीच्या बागा सुरू झाल्या तशा शैलजाताई गुणगुणायलाही लागल्या. मग पाचोड आलं, आणि त्या दिवशी बाजार होता.

दिवाळीआधीचा बाजार. भाऊसाहेबांच्या घराकडे जाणारा रस्ता बाजारातूनच जातो. दोन्ही बाजूंना पणत्या, रांगोळी, झेंडू, मधे शेळ्या आणि माणसं. आम्ही अर्ध्यावर पोचलो आणि समोरून ट्रॅक्टर आला. शैलजाताई थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, या. ट्रॅक्टरवाल्यानं मागं बसलेल्या भाऊसाहेबांना ओळखलं आणि तोही थांबला. नाही, तुमची गाडी आधी. मकई दरवाज्यात मी शेकडो अडचणी पाहिल्या, पण दोन्हीकडून इतकी सभ्यता कधी पाहिली नव्हती. कुणीच हलेना. मागं टेम्पो लागला, टेम्पोमागं बैलगाडी, आणि सगळे वाजवायला लागले. बैलगाडीवाल्याकडे हॉर्न नव्हता, तो तोंडानं ओरडत होता.

आणि मग गाडीतले दोघं सुरू झाले. भाऊसाहेब म्हणत होते, पुढं घे, आक्का, दाब. रोहन म्हणत होता, आई, रिव्हर्स, रिव्हर्स. भाऊसाहेबांनी काच खाली करून ट्रॅक्टरवाल्याला सूचना दिल्या, त्या ऐकून झेंडूवाल्यानं शैलजाताईंना सूचना दिल्या. एक आजी खिडकीत डोकावून म्हणाल्या, ‘‘आगं बया, ही तर शैली! कवा आलीस माय?’’ आणि मधेच उभ्या राहून घरची विचारपूस करायला लागल्या. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. माझा पाय पायपुसणं इतक्या जोरानं दाबत होता की पोटरीत गोळा आला.

‘‘आई, दे, मी चालवतो,’’ रोहन म्हणाला. प्रेमानं म्हणाला, हेच वाईट होतं.

‘‘न्हाय तर ड्रायव्हरला बोलावतो जीपमधून,’’ भाऊसाहेब म्हणाले. ‘‘तू बस निवांत. तू पाव्हणी हायेस.’’

शैलजाताईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीत ठेवले. मग एक हात उचलून त्यांनी पट्ट्याचं बटण दाबलं. पट्टा सरकत खांद्यावरून मागं गेला. त्या आवाजात मला त्यांचा फ्लॅट विकला गेल्याचं ऐकू आलं.

मग मी बोलले. काय बोलले ते सांगायला मला अजून लाज वाटते, म्हणून आधी बाकीचं सांगून घेते.

त्या दिवशी गाडी शैलजाताईंनीच भाऊसाहेबांच्या दारात नेली. रोहन दिवाळीनंतर एकटाच परत गेला. शेजारची सीट रिकामी होती, आणि त्यावर पाय पसरून झोपलो, असा त्याचा आईला निरोप आला. शैलजाताई चिकलठाण्यालाच आहेत. त्यांची गाडी एकदा सोसायटीच्या कुंडीला आणि एकदा भाऊसाहेबांच्या जीपला घासली. जीपला घासली त्यात चूक जीपच्या ड्रायव्हरची होती, असं भाऊसाहेब स्वतः सांगतात. दाढेचं काम बाकी होतं, ते त्या एकट्या जाऊन करून आल्या. मुलं दिसली की अजून थांबतात. सोसायटीसमोरच्या रस्त्यावर शाळा सुटायच्या वेळी आता रिक्षावालेही त्यांच्यामागं थांबतात. कायदा म्हणून नाही, त्या बाईंचा नेम नाही म्हणून. मीही आताशा मांडी न घालता बसते आणि जमेल तेवढं तोंडानं सांगते. काही विद्यार्थ्यांनी तक्रार केली, की मॅडम पूर्वीसारख्या शांत राहिल्या नाहीत.

पाचोडच्या बाजारात मी काय म्हणाले याच्या मात्र खूप आवृत्त्या झाल्या आहेत. भाऊसाहेब सांगतात, की मॅडमनी दार उघडून मला दंडाला धरून ओढलं. चाचा गिऱ्हाइकांना सांगतात, की मी इंग्रजीत दहा मिनिटं झापलं. ती आजी सांगते, की मी सगळ्या बाजाराला गप्प बसवलं. यातलं काही खरं नाही. माझा आवाज फारसा मोठाही नव्हता. मी फक्त माझा पट्टा काढला, शैलजाताईंचा पट्टा ओढून पुन्हा लावून दिला, मागं वळले आणि म्हणाले,

‘‘या गाडीत ड्रायव्हर चार झालेत. चला, आपण तिघं उतरू.’’